डावीकडचे दोन फूट

चिठ्ठी चित्राच्या पाठीला चिकटपट्टीने लावली होती. 'डावीकडून दोन फूट कमी करणे. फ्रेम सागवानी रंगाची. शुक्रवारपर्यंत.' खाली वाचनालयाचा गोल शिक्का. तो शिक्का बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस घाईगडबडीत काहीतरी खरडतो, ते मी समजू शकते. यांनी आधी सुवाच्य अक्षरात लिहिलं, मग शिक्का शोधला, शाई ओली आहे का बघितलं आणि मग शांतपणे ठोकला.

माझं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांचं होतं, पुढे माझं झालं. नवरा काचा कापतो आणि खिळे ठोकतो, बाकी सगळं मी बघते. बत्तीस वर्षांत लोकांनी माझ्याकडून काय काय कापून घेतलंय ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. लग्नाच्या फोटोतून नकोशी झालेली जाऊ मी कापली आहे. एकाने समुद्राचं चित्र आणलं आणि समुद्र काढून नुसती होडी ठेवायला सांगितली, कारण फ्रेम दार आणि फ्रीज यांच्यामध्ये बसवायची होती. सगळ्यांचं बोट नेमकं रिकाम्या जागेवर पडतं. इथे काही नाहीये ना, मग हे काढा. बाकी घरात पाय ठेवायला जागा नसते त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण चित्रात चार बोटं मोकळी दिसली की यांच्या पोटात दुखायला लागतं.

मी पुष्कळदा कापते. कुरकुरत, तोंडाचा पट्टा चालू ठेवून, पण कापते. पोट कुणाला चुकलंय. हे चित्र मात्र माझ्या ताईचं होतं.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं तिने शाळेत चित्रकला शिकवली. पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिला बाई म्हणत आली आणि दरवर्षी नव्या वर्गाला ती त्याच गोष्टी शिकवत आली: तोल, प्रमाण, लय, विरोध, नजर आधी कुठे जावी आणि मग कुठे, आणि रिकामी जागा. मला हे सगळं फुकटात मिळालं, घरी भांडी घासता घासता. ती म्हणायची की दोन्ही पारड्यांत सारखं घालणं हा वाण्याचा तोल झाला. चित्राचा तोल वेगळा. एका बाजूला हत्ती असेल आणि दुसऱ्या टोकाला नुसतं एक लाल बटण, तर ते बटण बरोबर जागी ठेवलं की हत्तीला पुरून उरतं. पण मधली जागा मोकळी पाहिजे. मध्ये गर्दी केलीत की बटण मेलं.

एवढं कळणारी बाई स्वतः मात्र मुलांच्या वह्या तपासत बसली. तरुणपणी थोडंफार केलं, मग नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, वेळ कुठे मिळतो. मागच्या वर्षी निवृत्त झाली आणि घरच्या मागच्या खोलीत कॅनव्हास ताणून बसली. सात फूट लांब, चार फूट उंच. कधी बघू दिलं नाही. पूर्ण झालं तेव्हा बोलावलं, आणि मी, जिला घरात लहानपणापासून 'स्टोव्ह' म्हणतात, ती मी, पाच मिनिटं काही बोलले नाही.

शाळा सुटल्यानंतरचा वर्ग आहे. उजवीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक मुलगी कचऱ्याच्या डब्यावर वाकून पेन्सिलीला टोक करते आहे. पेन्सिल लाल. वीतभरसुद्धा नाही ती मुलगी. बाकी सगळी भिंत आणि फरशी. बाक नाहीत, फळा नाही, काही नाही. दुपार कलल्यावरचा पिवळट उजेड डावीकडून येतो आणि त्या लांबलचक भिंतीवरून सरकत सरकत मुलीपर्यंत जेमतेम पोचतो. सगळे गेले आहेत आणि ही अजून टोक करते आहे, एवढंच. पण बघणाऱ्याला ती सगळी भिंत चालत तिच्यापर्यंत जावं लागतं.

वाचनालयाने मुलांसाठी नवीन हॉल बांधला होता. समोरच्या भिंतीवर एकच चित्र लावायचं ठरलं आणि चिटणिसाने बाईंचं निवडलं. चिटणीस ताईचाच विद्यार्थी, चाळिशीचा, बोलायला लाघवी. ताईला झालेला आनंद तिने दाखवला नाही, पण त्या दिवशी माझ्या घरी आली आणि उगाचच दोनदा चहा प्यायली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं चित्र चार लोकांत लागणार होतं. आणि बुधवारी ते चित्र चिठ्ठी लावून माझ्या टेबलावर आलं.

नवरा म्हणाला, चिठ्ठीवर शिक्का आहे, म्हणजे काम पक्कं. मी त्याच्याकडे बघितलं. तो काचा मोजायला आत गेला.

वाचनालय आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी टेप कमरेला खोचला आणि निघाले. हॉल चांगला होता, खोटं कशाला बोलू. उंच छत, दोन मोठ्या खिडक्या आणि दोन्हींच्या मधोमध भिंत. भिंत मोजली तर आठ फूट तीन इंच. म्हणजे सात फुटांचं चित्र ऐसपैस बसलं असतं आणि वर श्वास घ्यायला जागा राहिली असती. पण भिंतीच्या दोन्ही कडांना नक्षीदार लाकडी फळ्या बसवल्या होत्या, प्रत्येकी दीड फूट रुंदीच्या. वेलबुट्टी, खाली कमळ, वर कमळ, आणि मधोमध पितळी पट्टीवर देणगीदाराच्या वडिलांचं नाव. दोन्ही फळ्यांवर तेच नाव, न जाणो एक वाचायचं राहून गेलं तर.

चिटणीस खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होता. मला बघून हसत पुढे आला. मी त्याला विचारलं की फळ्या आधी आल्या की चित्र आधी ठरलं. तो म्हणाला, चित्र आधी ठरलं होतं, पण फळ्या अचानक आल्या, आणि आलेली वस्तू परत कशी करणार. मी म्हटलं, मग फळ्या कापा. त्याला मी विनोद केला असं वाटलं.

"मावशी, तुम्ही जरा लांबून बघा ना," तो म्हणाला. "दोन्हीकडे सारखं आहे. तोल साधतो. बाईंनीच तर शिकवलंय आम्हाला."

माझ्या हाताला त्या क्षणी काही जड लागलं नाही हे त्याचं नशीब. चौतीस वर्षं एक बाई घसा कोरडा करून सांगते की तोल म्हणजे दोन्हीकडे सारखं नव्हे, आणि तिचाच विद्यार्थी तिचंच चित्र कापताना तिच्याच नावावर हे खपवतो. मी त्याच्या टेबलाशी गेले. टेबलाच्या एका टोकाला त्याची जाडजूड फाईल ठेवली, दुसऱ्या टोकाला पेनाचं लाल टोपण ठेवलं आणि मधलं सगळं खाली उतरवून ठेवलं. म्हटलं, आता बघ, नजर कुठे जाते? टोपणावर, तो म्हणाला. मग मी टोपण उचलून फाईलला चिकटवून ठेवलं. आता? त्याने मान डोलावली. कळलं त्याला, चांगलं कळलं. राग त्याचाच आला. न कळणाऱ्या माणसाला मी माफ करते, माझं निम्मं गिऱ्हाईक तेच आहे. याला कळलं, आणि कळूनसुद्धा तो म्हणाला की मावशी, तुमचं बरोबर आहे, पण देणगीदार उद्घाटनाला स्वतः येणार आहेत.

मग त्याने दुसरा तोडगा काढला. खिडक्यांच्या समोरची लांब भिंत मोकळी होती, पण तिथे देणगीदारांच्या नावांचा फलक लागायचा होता. तर चित्र तिथे अख्खं लावू आणि डावीकडच्या रिकाम्या भागात नावं सोनेरी अक्षरांत लिहून घेऊ. दोन्ही कामं एकात. हे तो मला, फ्रेमवालीला, अशा चेहऱ्याने सांगत होता की मी त्याची पाठ थोपटावी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकून होते, पण संन्याशाच्या अंगावर चोराचं नाव गोंदवायचं, ही सुधारणा त्याची स्वतःची.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खुर्च्या लावणारे थांबून ऐकत होते. तो मात्र शेवटपर्यंत हसतमुख. सगळं ऐकून घेतलं आणि मग अदबीने म्हणाला, "मावशी, बाईंना मी फोन केला होता. त्या स्वतः म्हणाल्या, ठीक आहे, कापा."

मी तडक ताईच्या घरी गेले.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा चेहरा बघून तिने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. उभ्यानेच सुरू झाले. म्हटलं, तू हो कसं म्हणालीस? तुला फोन आला तेव्हा जीभ कुठे होती? आयुष्यभर मुलांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगून सांगून स्वतःच्याच तोंडावरचं बोट काढायचं विसरलीस का? ती म्हणाली, हॉल मुलांचा आहे, पाच फुटांचं का होईना, लागतंय ना. मी म्हटलं, पाच फुटांचं ते तुझं चित्र नव्हे, ती पेन्सिलीला टोक करणाऱ्या मुलीची जाहिरात झाली. तिने बाहीवर बाही ठेवली, कॉलर सरळ केली. ती शांत बघून मी आणखी पेटले.

"कुणी तुझ्यावर सुरी चालवायला आलं तरी तू अशीच मूग गिळून बसणार आहेस का?" मी विचारलं.

"तू चालवलीस तेव्हाही बसलेच होते," ती म्हणाली.

आवाज चढला नाही की काही नाही. शर्टाची घडी पूर्ण करून ढिगावर ठेवली. मला क्षणभर कळेचना ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं. आता खुर्चीवर बसले.

मी एकोणीस वर्षांची होते. त्या वर्षी बाबांची नजर गेली. एका महिन्यात दोनदा त्यांनी गिऱ्हाइकाचं चित्र वाकडं कापलं, आणि तिसऱ्यांदा स्वतःचं बोट. कटर माझ्या हातात आला. ताई सत्तावीसची, शाळेत नुकतीच कायम झाली होती. मोठ्या प्रदर्शनासाठी तिने शाईचं चित्र केलं होतं: खाली गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि वर नुसतं आभाळ. चित्र फ्रेम करूनच पाठवायचं होतं. माझ्याकडे एक सुरेख तयार फ्रेम पडून होती, काळी, बारीक सोनेरी रेघेची. चित्र तिच्याहून सात इंच उंच होतं. मी ते सात इंच आभाळ कापलं आणि फ्रेम बसवली. माझी पहिली मोठी फ्रेम. ताई आली, तिने बघितलं. मी चारदा विचारलं, कशी झाली? ती म्हणाली, छान.

चित्र निवड न होताच परत आलं. सोबत परीक्षकांचा शेरा होता: 'रचना कोंदट वाटते.' मी त्या परीक्षकांना दोन आठवडे शिव्या घातल्या. ताईच्या बाजूने. तिच्या गळ्यात हात घालून. त्यानंतर तिने काही पाठवलं नाही, काही केलं नाही, आणि वेळ कुठे मिळतो हे मी बत्तीस वर्षं खरं मानलं.

कापलेला तुकडाही मला आठवला. आमच्या धंद्यात जाड चांगला कागद टाकत नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी फ्रेममध्ये मागून भर म्हणून घालतात. मी घातला होता. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी आजोबांच्या फोटोमागे ते आभाळ अजून असेल.

यावर शहाण्या माणसाने रडावं किंवा पाय धरावेत. मला राग आला. तिचाच आला. म्हटलं, बत्तीस वर्षं मनात ठेवलंस? मला सांगितलं का नाहीस? मी मुद्दाम केलं होतं का? तेव्हाच दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मी सुधारले असते. अख्खं आयुष्य मी लोकांना रिकाम्या जागेवरून अक्कल शिकवत आले, आणि तू समोर बसून ऐकत होतीस. माझा आवाज शेजारपर्यंत जात असणार.

"तेव्हा बोलले असते तर तू परत कटरला हात लावला नसतास," ती म्हणाली. "मी ओळखते तुला. आणि बाबांना दिसत नव्हतं. दुकान कुणी बघितलं असतं?"

खरंच होतं. मी कटर फेकून दिला असता, दुकान बंद पडलं असतं, आणि बाबा दोन महिन्यांत खचले असते. हे सगळं तिने त्या फ्रेमपुढे उभं राहून, मी चारदा विचारेपर्यंतच्या वेळात मनातल्या मनात मांडलं होतं. कुठे काय ठेवायचं, कुठली जागा मोकळी सोडायची. स्वतःची सोडली.

मग मी एक गोष्ट विचारली, जी खरं तर दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला मी पहिल्यांदा विचारते आणि हिला कधी विचारली नव्हती. म्हटलं, तुला कसं हवंय?

तिच्या हातात टॉवेल होता. तो तिने उलगडला आणि परत घडी घातली.

"अख्खं," ती म्हणाली.

गुरुवारी मी फ्रेम केली. सागवानी रंग नाही, फिकट साधी पट्टी, बोटभर रुंदीची, उजेडाला कुठे अडवायची नाही अशी. सात फूट बाय चार फूट. शुक्रवारी सकाळी ताई दुकानात आली. नवरा म्हणाला, मी हातगाडी आणतो. ताई म्हणाली, नको, आम्ही दोघी नेऊ. मी पुढचं टोक धरलं, तिने मागचं, आणि दोन गल्ल्या पार करून आम्ही ते हॉलमध्ये नेऊन भिंतीच्या पायथ्याशी टेकवलं. दोन्ही बाजूंनी ते फळ्यांवर चढलं. कमळं झाकली गेली. माझ्या मते हॉल तेव्हाच सजला.

चिटणीस धावत आला. चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाईंकडे. तो म्हणाला, बाई, आपलं ठरलं होतं ना, दोनच फुटांचा तर प्रश्न आहे, आणि तिथे तर काहीच नाही. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, रात्रभर घोटून ठेवलेलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, तू थांब.

मग ती त्याच्याशी बोलली. वर्गात बोलायची त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.

"ती मुलगी मी दोन दिवसांत काढली. ही भिंत रंगवायला मला तीन महिने लागले. जागा कमी पडत असेल तर मुलगी काप."

खुर्च्या लावणाऱ्यांचे हात थांबले. चिटणिसाने चित्राकडे बघितलं, आणि या वेळी डावीकडून बघायला सुरुवात केली. मी बघत होते त्याची नजर. भिंतीवरून ती हळूहळू सरकत गेली आणि कोपऱ्यात जाऊन थांबली. त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता हा पेचकस मागवतो. चार स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. त्याने पितळी पट्टीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग म्हणाला, बाई, उद्या ते स्वतः येणार आहेत हो.

"मग फळ्याच ठेव," ताई म्हणाली. "उचल गं."

आम्ही उचललं. तो दारापर्यंत मागोमाग आला आणि विचारू लागला, सोबत माणूस देऊ का, ऊन आहे, बाई. मी काही बोलले नाही, याचं मला आजही नवल वाटतं. त्याचं ते अगत्य मला त्याच्या चिठ्ठीपेक्षा जास्त झोंबलं. कळतं, दिसतं, वाईटही वाटतं, आणि स्क्रू तेवढा काढवत नाही. अशा माणसाला शिवी तरी कुठली घालायची.

रस्त्यावर लोक बाजूला होत होते. या वेळी ताई पुढे होती, मी मागे. मला तिची पाठ दिसत होती आणि फ्रेमची वरची कड. मी मनात मोजत होते. चित्र लागणार नव्हतं. साठीला आलेल्या बाईचं लोकांत लागणारं पहिलं चित्र, आणि तिने ते स्वतः उचलून परत आणलं होतं, आणि तिची मान ताठ होती. माझा राग चिटणिसावरून उतरून फळ्यांवर गेला, तिथून देणगीदाराच्या वडिलांवर, आणि तिथेही टिकला नाही. त्याला जायला एकच जागा उरली होती. गल्लीच्या वळणावर तो तिथे पोचला.

"ताई," मी म्हटलं, "ते आभाळ किती दिवसांचं होतं?"

तिने मागे बघितलं नाही. चालत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, आणि परत विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

"एकोणीस," ती म्हणाली. "शाईचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही ना. रोज थोडं थोडं."

"सगळं?"

"तू कापलंस तेवढं," ती म्हणाली. "बाकीचं आठवडाभरात झालं होतं. नीट धर, पुढे पायरी आहे."

मी नीट धरलं.